परक्याचे पाणी आपल्या पाटाने

वाचकहो, मागच्या माघातली गोष्ट. गव्हाला शेवटचे पाणी चालू होते. आमचे गाव घोडच्या कालव्याखाली, आणि पाळी नेहमीप्रमाणे रात्रीची आलेली. मी डोक्याला मफलर गुंडाळून दारे धरीत होतो. एक वाफा भरला, दुसरा फोडला, इतक्यात खिशातला फोन वाजला. रात्री साडेअकराला वाजणारा फोन चांगला नसतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पलीकडून धाकट्या भावाचा मुलगा बोलत होता. तो तीन वर्षांपासून पुण्यात सदाशिव पेठेत राहून सरकारी परीक्षांचा अभ्यास करतो. एका खोलीत पाच कॉट, सकाळ-संध्याकाळ मेसचा डबा आणि दिवसभर अभ्यासिका.

"तात्या, एक विचारू का? रागवायचे नाही."

"विचार की."

"माझ्या खात्यात कोणी पैसे टाकले, आणि मी ते काढून दुसऱ्याला दिले, तर त्यात वाईट काय?"

माझ्या हातातले खोरे तसेच राहिले. वाफा भरून पाणी बांधावरून शेजाऱ्याच्या हरभऱ्यात गेले, तेव्हा कुठे भानावर आलो. हरभऱ्याला ते पाणी नको होते. त्याबद्दल दुसऱ्या दिवशी बोलणी खाल्ली ती वेगळीच.

पोराने मग सगळे सांगितले. चहाच्या टपरीवर एक जण भेटला होता. कपडे झकपक, बोलणे गोड. म्हणाला, तुझे पासबुक, एटीएमचे कार्ड आणि एक सिमकार्ड माझ्याकडे दे. महिन्याला पाच हजार घरबसल्या मिळतील. आमचा ऑनलाइन धंदा आहे, पैसा एकाच खात्यात दिसला तर कर जास्त बसतो, म्हणून दहा जणांची खाती लागतात. पोराने अजून काही दिले नव्हते. पण कांद्याचा भाव पडलेला, बापाने महिन्याचे पैसे निम्म्यावर आणलेले, मेसवाला तगादा लावून बसलेला. पाच हजार म्हणजे त्याचा खोलीभाडे आणि डबा दोन्हींचा प्रश्न सुटत होता. तुम्ही त्याच्या जागी असता तर मोह पडला नसता, असे छातीवर हात ठेवून सांगू शकाल का? मी तरी सांगू शकत नाही.

"मी येईपर्यंत कोणाला काही देऊ नकोस," एवढेच म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशी ज्वारीचे पीठ, शेंगदाणे आणि गुळाची ढेप घेऊन एसटीत बसलो.

मी माझी ओळख सांगायला विसरलोच. मी आयुष्यभर विकास सोसायटीचा गटसचिव होतो. कीर्द, खतावणी, तेरीज यांत हयात गेली. कर्जवाटपाच्या दिवसांत कंदिलाच्या उजेडात तेरीज जुळवलेली आहे. एक रुपया जुळत नव्हता म्हणून तीन रात्री जागलो आहे. तेव्हा पैसा कुठून आला आणि कुठे गेला, याची कागदोपत्री नोंद नसेल तर माझ्या पोटात आपोआप गोळा येतो. पण संगणकाचे मला फारसे कळत नाही, हेही कबूल करतो. म्हणून पुण्यात उतरल्यावर मी आमच्या भाचीला बोलावून घेतले. ती हिंजवडीला एका कंपनीत संगणकांचे जाळे राखण्याचे काम करते. राखण म्हणजे अगदी आपण कणसे भरल्यावर माळ्यावर बसून करतो तशीच. फरक इतका की तिची पाखरे दिसत नाहीत.

रविवार होता. ती आम्हा दोघांना घेऊन बसने तिच्या खोलीकडे निघाली. गणेशखिंड रस्त्याने मेट्रोच्या खांबांच्या कडेकडेने बस चालली होती. एका मोठ्या इमारतीकडे बोट दाखवून ती पुतण्याला म्हणाली, "ही कॉसमॉस बँक. तुझ्यासारख्या पोरांची कार्डे घेऊन काय करतात, ते या बँकेला विचार."

त्या दिवशी तिने जे सांगितले आणि नंतर मी जे वाचून पडताळून घेतले, ते तुम्हाला सांगतो. प्रकरण वर्तमानपत्रांतून येऊन गेलेले आहे, कोर्टातही चाललेले आहे, त्यामुळे त्यात गुपित काही नाही.

कॉसमॉस ही आपल्याकडची जुनी सहकारी बँक, १९०६ सालची. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, जगातल्या २८ देशांतल्या एटीएम यंत्रांपुढे माणसे उभी राहिली आणि या बँकेच्या ग्राहकांची बनावट कार्डे घालून पैसे काढू लागली. काही तासांत परदेशात सुमारे १२ हजार व्यवहार झाले आणि ७८ कोटींच्या आसपास रुपये निघून गेले. त्याच दिवशी आपल्या देशातही रुपे कार्डांवरून सुमारे २,८०० व्यवहारांत अडीच कोटी गेले. आणि सोमवारी, १३ तारखेला, बँका एकमेकींना परदेशी पैसे पाठवण्याचे निरोप ज्या यंत्रणेने देतात, त्या स्विफ्टवरून खोटे निरोप धाडून आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका बँकेतल्या एका व्यापारी कंपनीच्या खात्यावर गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. तिजोरीला धक्का नाही, कुलूप जागच्या जागी, रखवालदार दारात उभा.

मी सचिव माणूस. मला पहिला प्रश्न हाच पडला, की खात्यात शिल्लक नसताना यंत्राने पैसे दिलेच कसे?

भाचीने पाटाचेच उदाहरण दिले, कारण तीही आमच्याच कालव्यावर वाढलेली. ती म्हणाली, "तात्या, चारीच्या दारावर पाटकरी असतो. तुम्ही पाणी मागितले, की तो आधी पाहतो, यांचा पाणीअर्ज मंजूर आहे का, पाळी आहे का. पाटबंधारे खात्याच्या वहीत नाव असेल तरच दार उघडतो. एटीएमचेही तसेच. तुम्ही कार्ड घातले, आकडा दाबला, की ती मागणी यंत्रातून निघून बँकेच्या एका संगणकाकडे जाते. त्याला स्विच म्हणतात. तो आपला पाटकरी. तो बँकेच्या मुख्य खतावणीला विचारतो, की या खात्यात इतकी शिल्लक आहे का? होकार आला तर यंत्राला सांगतो, दे पैसे, आणि खात्यात नावे पडते. चोरांनी काय केले, तर त्यांनी बँकेच्या जाळ्यात आपला दुष्ट प्रोग्राम घुसवला आणि खऱ्या पाटकऱ्याच्या बाजूला स्वतःचा खोटा पाटकरी उभा केला. कार्डांच्या मागण्या खोट्याकडे वळल्या. तो खतावणीला विचारतच नव्हता. जो येईल त्याला म्हणत होता, घ्या, घ्या, पाणी सोडले आहे."

हे ऐकले आणि मला सगळे लख्ख दिसले. म्हणजे कीर्दीत नोंद न पडताच रोख बाहेर जात होती! ग्राहकांच्या खात्यांतून एक पैसाही कमी झाला नाही, नुकसान बँकेचे झाले, असे बँकेने तेव्हा सांगितले होते, त्याचा अर्थ मला त्या बसमध्ये उमगला. नोंदच नाही तर नावे कोणाच्या पडणार? आमच्या वेळी असा गैरव्यवहार करायला निदान सचिव आणि खजिनदार दोघे सामील असावे लागत.

आणखी एक गोष्ट पाहा. ११ ऑगस्ट हा महिन्यातला दुसरा शनिवार. बँका बंद. दुसऱ्या दिवशी रविवार. चोरांनी आपले कॅलेंडर नीट पाहून मुहूर्त काढला होता. याआधी २०१६ च्या फेब्रुवारीत बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेवर असाच घाला पडला. तेव्हाही चोरांनी अशी वेळ साधली, की बांगलादेशात शुक्रवारची सुट्टी, मग अमेरिकेत शनिवार-रविवार, आणि सोमवारी फिलिपिन्समध्ये चिनी नववर्षाची सुट्टी. विचारायला फोन करावा तर उचलायला कोणी नाही. जवळजवळ ९५ कोटी डॉलर पळवण्याचा बेत होता. ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्समार्गे गेलेच. २ कोटी डॉलर श्रीलंकेत अडकले, ते कशामुळे माहीत आहे? चोरांनी एका संस्थेच्या नावातल्या 'फाउंडेशन' शब्दाचे स्पेलिंग चुकवले होते. वाटेतल्या एका बँकेच्या कोणा कारकुनाने ते पाहिले आणि विचारणा केली. मी त्या न पाहिलेल्या कारकुनाला मनातल्या मनात नमस्कार केला. शुद्धलेखनाला हसणाऱ्या आमच्या पोरांना ही गोष्ट मी मुद्दाम सांगत असतो.

आणि बांगलादेशच्या बँकेत चोर शिरले कसे? नोकरीचा अर्ज म्हणून बँकेतल्या लोकांना ईमेल आले होते. सभ्य भाषेतला अर्ज, सोबत माहितीपत्रक उघडून पाहण्याची विनंती. ते उघडले, की दुष्ट प्रोग्राम आत. मग घाई नाही. घरात शिरलेला चोर जसा माळवदावर दबून बसतो आणि कोण केव्हा निजते, किल्ल्या कुठे ठेवतात ते पाहतो, तसे हे लोक महिनोन्‌महिने जाळ्यात दबून बसले.

पुण्याच्या चोरीचा सूत्रधार कोण? संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २०१९ सालच्या अहवालात ती उत्तर कोरियाच्या संगणकचोरांशी जोडली. अमेरिकेच्या एफबीआयने तर आदल्याच दिवशी, १० ऑगस्टला, जगभर एटीएममधून मोठी लूट होण्याचा धोका आहे, असा इशारा बँकांना दिला होता. कोणत्या बँकेवर घाला पडणार, ते मात्र कोणाला माहीत नव्हते.

पण मी पुतण्याला जे ऐकवायला नेले होते, ते पुढेच आहे. बस विद्यापीठाच्या चौकात अडकली होती. भाची त्याच्याकडे वळून म्हणाली, "उत्तर कोरियातला माणूस कोल्हापूरच्या एटीएमपुढे येऊन उभा राहत नाही. त्याला इथला कोणीतरी लागतो."

बनावट कार्डे घेऊन आपल्याकडच्या यंत्रांपुढे जी माणसे उभी राहिली, ती इथलीच होती. कोल्हापुरातही पैसे काढले गेले, इतर शहरांतही. एटीएमच्या खोलीत कॅमेरा असतोच. पुणे पोलिसांनी त्या चित्रांवरून आणि फोनच्या नोंदींवरून एकेकाला गाठले. हाँगकाँगला गेलेल्या पैशातला काही भाग पाठपुरावा करून परतही मिळवला. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवून कैदेची शिक्षा दिली. ज्यांनी बँकेच्या जाळ्यात खोटा पाटकरी बसवला ते त्या पिंजऱ्यात नव्हते. पिंजऱ्यात होती ती इथल्या चोरीत हात असलेली, यंत्रापुढे उभी राहिलेली, कार्डे पोचवलेली, वाटणी घेतलेली माणसे.

पुतण्या खिडकीतून बाहेर पाहत होता. माझ्या लक्षात आले, की त्याचे कान लाल झाले आहेत.

"पण मी तर फक्त खाते देणार होतो," तो हळूच म्हणाला.

"हो ना. कोणा म्हाताऱ्याला फोन करून, तुमच्यावर खटला आहे, असे घाबरवून त्याची ठेव काढून घ्यायची, ती तुझ्या खात्यात पाडायची आणि तासाभरात पुढे ढकलायची. तो म्हातारा तक्रार करील तेव्हा पोलिसांना नाव कोणाचे दिसेल? चहाच्या टपरीवरच्या गोड माणसाचे? त्याचे नाव तरी तुला माहीत आहे का?"

माहीत नव्हते. टोपणनाव तेवढे माहीत होते.

वाचकहो, आता तुम्हीच सांगा. आपल्या पाटातून रात्री परक्याचे पाणी वाहिले आणि ते कोणाचे फोडून आणलेले असले, तर पंचनामा कोणाच्या शेतात होतो? आणि हा पोरगा सरकारी नोकरीच्या मागे लागलेला! निवड झाल्यावर पोलिसांकडून चारित्र्याची पडताळणी होते. तिथे असा गुन्हा निघाला असता तर तीन वर्षांचा अभ्यास, बापाने विकलेली म्हैस, सगळे मातीमोल झाले असते. त्या माणसाचा नंबर पोराने आमच्यासमोर बंद केला, आणि भाचीने सांगितल्यावर तो सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या तक्रार संकेतस्थळावर कळवलाही. मेसवाल्याचे पैसे मी भरले. ते परत मागणार नाही, पण हे त्याला सांगितलेले नाही.

खोलीवर गेल्यावर भाचीने पिठले-भाकरी केली. जेवताना मी जरा ऐटीत म्हणालो, "आमच्या सोसायटीत असले काही होत नसे." तिने विचारले, "तात्या, तुमच्या सोसायटीत संगणक आला होता ना? त्याचा पासवर्ड कुठे ठेवत होता?"

आता इथे खोटे बोलून उपयोग नाही. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत संगणक आला. मला पासवर्ड पाठ होईना. म्हणून तो मी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून ठेवला होता. शिपायाला माहीत, दोन संचालकांना माहीत, आणि उन्हाळ्यात गार पाणी प्यायला येऊन बसणाऱ्या चार खातेदारांनाही माहीत. पासवर्ड काय होता? गावाचे नाव आणि पुढे एक-दोन-तीन. तिजोरीची किल्ली मी जानव्याला बांधावी तशी करदोट्याला बांधून ठेवीत होतो, आणि संगणकाची किल्ली भिंतीवर टांगलेली! पोरे हसली ती हसलीच. पण भाची गंभीर झाली. म्हणाली, मोठमोठ्या कंपन्यांतही हेच असते. बाहेरून येणाऱ्या चोरापेक्षा आतल्या माणसाचा आळस शोधणे तिला जड जाते.

ही गोष्ट आता आपल्यापासून लांब राहिलेली नाही. २०२२ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने देशातल्या ६३ हजार प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली. तुमच्या सोसायटीत संगणक आला असेल किंवा येईल. तुम्ही सभासद आहात, वार्षिक सभेत फक्त चहा पिऊन उठू नका. विचारा, की प्रत्येकाला वेगळा पासवर्ड आहे ना? एक जण नोंद करतो आणि दुसरा ती मंजूर करतो, असे दोन हात ठेवले आहेत ना, की सगळे एकाच्याच बोटावर? हिशेबाची रोजची नक्कल संगणकापासून वेगळी काढून ठेवतात ना? आम्ही कीर्दीची बुके दप्तरात बांधून ठेवीत होतो, पावसात गळले तरी एक प्रत कोरडी राहावी म्हणून. ही नक्कल तशीच. आणि ती सतत संगणकाला जोडून ठेवली तर तिचा उपयोग नाही, कारण एकाला लागलेली कीड दुसऱ्याला लागते.

कीड म्हणण्याचे कारण आहे. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा एक प्रोग्राम सुटला आणि दीडशे देशांतल्या संगणकांना कुलूप लावून खंडणी मागू लागला. इंग्लंडमधल्या रुग्णालयांत शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या फटीतून तो शिरत होता, ती बुजवण्याचा उपाय मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच, फुकट दिला होता. ज्यांनी तो वेळेवर लावला ते बचावले. फवारणी चुकवली की काय होते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. फोनवर 'अपडेट करा' म्हणून येते ना, ते आपण उद्या-उद्या करीत ढकलतो. पण ते फोनच्या सेटिंगमधूनच करायचे. कोणी निरोपातून पाठवलेल्या दुव्यावरून नव्हे.

त्याच वर्षी २७ जूनला नॉटपेट्या नावाची दुसरी कीड आली. तिचे लक्ष्य होते युक्रेन. पण ती मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यात शिरली आणि आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचे संगणक ठप्प झाले. बंदरावरच्या ट्रकांच्या रांगा हटेनात. ज्याचा माल निर्यातीला जातो त्याने बंदराच्या दारात गाड्या अडकल्या तर काय होते, ते मनाशी पाहावे. युक्रेनच्या भांडणाची झळ अशी आपल्या दारापर्यंत येते.

आता घरचे पाहू. हल्ली गोठ्यावर कॅमेरा असतो, विहिरीवरची मोटर फोनवरून चालू होते, घरात वायफायची डबी असते. ती डबी बसवणारा येतो, जोडतो, चहा घेतो आणि जातो. डबीचा कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच राहतो, आणि तो साऱ्या जगाला ठाऊक असतो. २०१६ साली मिराई नावाच्या प्रोग्रामने असेच न बदललेले पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे आणि डब्या आपल्या गुलाम केल्या आणि त्यांच्याकडून अमेरिकेतल्या मोठ्या संकेतस्थळांचे पत्ते सांगणाऱ्या एका कंपनीवर एकाच वेळी इतक्या मागण्या धाडल्या, की ती संकेतस्थळे उघडेनाशी झाली. ज्यांचे कॅमेरे होते त्यांना पत्ताही नव्हता. तुमच्या म्हशीवर नजर ठेवणारा कॅमेरा परक्याची चाकरी करीत असेल, आणि म्हैस मात्र रवंथ करीत असेल. जो बसवायला येईल त्याला चहाआधीच पासवर्ड बदलायला सांगा, आणि तो गावाच्या नावाचा ठेवू नका. माझ्यावर हसून झाले असेल तर एवढे करा.

सगळ्यांत जास्त फसगत फोनवर येणाऱ्या निरोपांतून होते. पीएम किसानचा हप्ता अडकला आहे, हे ॲप टाका. लग्नपत्रिका पाठवली आहे, उघडून पाहा. सौरपंपाला नंबर लागला आहे, आजच नोंदणीचे पैसे भरा. सौरपंपाच्या कुसुम योजनेच्या नावाने खोटी संकेतस्थळे चालतात, असा इशारा केंद्र सरकारने स्वतःच वारंवार दिलेला आहे. लग्नपत्रिका चित्र म्हणून येते. ती जर 'एपीके' अशी अक्षरे शेवटी घेऊन आली, तर ती पत्रिका नसून प्रोग्राम आहे. तो फोनमध्ये बसला, की तुमचे निरोप वाचतो, त्यात बँकेकडून येणारा ओटीपीही वाचतो. ओटीपी आपण कोणाला सांगितलाच नाही, तरी पैसे कसे गेले, असे म्हणून कपाळाला हात लावणारे आमच्या गावात दोघे आहेत. त्यातल्या एकाला ती पत्रिका सख्ख्या मेहुण्याच्या फोनवरून आली होती. मेहुण्याने पाठवलीच नव्हती. त्याच्या फोनात शिरलेल्या प्रोग्रामने पाठवली होती. तेव्हा ओळखीच्या नंबरावरून आले म्हणून निर्धास्त राहू नका. एक फोन करून विचारा, की अरे, लग्न कोणाचे आहे?

पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसायचे नाही. आपल्याकडे लोक काय म्हणतील या धास्तीने माणसे दोन दिवस घरात सांगत नाहीत. तेवढ्यात पैसा चार खात्यांतून फिरून पसार होतो. १९३० हा नंबर लावायचा आणि बँकेलाही लगेच कळवायचे. पहिल्या काही तासांत कळवले तर वाटेतल्या खात्यात पैसा अडवता येतो. बँकेकडे तक्रार तोंडी न ठेवता तिची पोच घ्यायची. २०१७ साली रिझर्व्ह बँकेने असे घालून दिले, की चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा चोरीची खबर ग्राहकाने कामकाजाच्या तीन दिवसांत दिली तर नुकसान त्याच्या माथी मारू नये. पण पिन किंवा ओटीपी आपणच सांगून बसलो असलो, तर खबर देईपर्यंतचा तोटा आपला. एवढ्यासाठीच ते तीन दिवस वाया घालवायचे नाहीत.

पुतण्याचे म्हणाल, तर तो अजून सदाशिव पेठेतच आहे. पूर्वपरीक्षा निघाली, मुख्य परीक्षेचा निकाल व्हायचा आहे. त्याच्या कॉटशेजारच्या एका पोराने मात्र खाते दिले होते, असे परवा कळले. नांदेडकडचा आहे म्हणे. त्याचे खाते गोठवले गेले आहे, आणि त्यात घरून आलेले फीचे पैसेही अडकले आहेत. त्याला चौकशीला एका परराज्यातल्या पोलीस ठाण्यात बोलावले आहे. जायचे भाडे कोणी द्यायचे, यावर खोलीतली पोरे वर्गणी काढीत होती. पुतण्याने माझ्याकडे दोनशे रुपये मागितले. मी दिले, आणि त्या पोराला भाचीचा नंबरही दिला.

गावी परतल्यावर मी कर्जाचा उतारा आणायला सोसायटीत गेलो. नव्या सचिवबाई आल्या आहेत, अजून तिशीही ओलांडली नसेल. त्यांच्या खुर्चीमागे तेच खिळे, त्यावर यंदाचे कॅलेंडर. मी बोलता बोलता सहज हात लांबवून त्याचे मागचे पान उलटून पाहिले. कोरे होते. मग त्या संगणकासमोर बसल्या, आणि पासवर्ड टाकण्याआधी माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तात्या, जरा तिकडे तोंड करता का?"

छत्तीस वर्षे ज्या खुर्चीत काढली, त्या खुर्चीपुढे मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. शिपाई दारात उभा राहून हसत होता.